दादा म्हणतो, तू कॅथलिक उरलीच नाहीस

“ताई, मी जन्माने आणि मनानेही कॅथलिक आहे. गर्भपात चूक आहे असंच मला वाटतं. पण कायद्याने सगळ्यांवर बंदी घालावी, हे काही पटत नाही. देवानेच माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय, मग सरकारने ते का काढून घ्यावं? हे मी जेवताना बोलले आणि दादा ताटावरून उठला. जाता जाता म्हणाला, तू कॅथलिक उरलीच नाहीस. तीन महिने झाले, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, तो माझ्या दोन बाक पुढे बसतो, वळूनही बघत नाही. ख्रिस्तप्रसादाची रांग सरकायला लागली की मी बाजूला होते आणि मागच्यांना पुढे जाऊ देते. माझं चुकतंय का?”

आधी जरा कडू बोलते. इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा दादांपुढे टिकायचा नाही, तो सोडून द्या. देवाने स्वातंत्र्य दिलंय म्हणून कायद्याने अडवू नये, हे चोरसुद्धा म्हणू शकतो. शिवाय कायदा कुणाची इच्छा काढून घेतच नाही. चोरीला तुरुंग आहे, तरी चोरी करायची की नाही हे शेवटी चोरच ठरवतो.

तुमच्या धर्मात इच्छास्वातंत्र्याला मोठं स्थान आहे, फक्त तुम्ही ठेवलंत तिथे नाही. देवाने माणसाला त्याच्याच निर्णयाच्या हाती सोपवलं, हे बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथातलं वचन कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, स्वातंत्र्याच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच येतं. पण पुढचा प्रश्न कायद्याचा नाही, जबाबदारीचा आहे: माणूस जे करून बसला, त्याचा किती भार त्याच्यावर टाकायचा? अज्ञान, भीती, बळजबरी यांनी तो भार कमी होतो, कधी उरतही नाही, असं कॅटेकिझम स्पष्ट सांगतो.

हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. गर्भपात प्रत्यक्ष घडवणाऱ्याला चर्चच्या कायद्यात आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. त्याच कायद्यातली इतर कलमं मात्र फारसं कुणी वाचत नाही. वय सोळा पूर्ण नसेल तर शिक्षाच नाही. अठराच्या आतली असेल, मोठ्या धाकाखाली असेल, किंवा अशी शिक्षा आहे हेच ठाऊक नसेल, तर ती आपोआप लागू होत नाही. म्हणजे कृत्याला गंभीर म्हणायचं, पण करणाऱ्याचा हात कुणी पिरगळला होता का हे आधी बघायचं. मी वाचताना इथे थबकले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला, तोही याच वाटेवर.

आता कायदा. इथे तुमच्याकडे म्हणण्यासारखं खरंच काहीतरी आहे. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस म्हणून गेलेत की माणसांचा कायदा प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालत नाही, कारण तो ज्यांच्यासाठी असतो त्यांतले बहुतेक जण काही संत नसतात. पाप आणि गुन्हा एकच नव्हे, ही गोष्ट चर्चला परकी नाही. पण दादांनी हेच वाचलं असेल तर ते पुढचं वाक्य तुमच्यापुढे ठेवतील: जे दुर्गुण दुसऱ्याला इजा करतात, ज्यांना मोकळं सोडलं तर समाजच टिकणार नाही, त्यांवर बंदी हवीच. उदाहरण म्हणून थॉमस खून आणि चोरी सांगतात. चर्चच्या दृष्टीने गर्भातला जीव हा तो ‘दुसरा’ आहे. तुम्हा बहीणभावाचा वाद खरा इथे आहे, आणि तो स्वातंत्र्यावरून नाहीच.

७ डिसेंबर १९६५ ला, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, दोन दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर झाले. धर्माच्या बाबतीत राज्याने कुणावर बळजबरी करू नये, हे एकात आहे. गर्भपात हा घोर अपराध आहे, हे दुसऱ्यात. त्या सभागृहात बसलेल्यांना यात विसंगती दिसली नाही, कारण गर्भपात हा त्यांच्या लेखी श्रद्धेचा प्रश्न नव्हता, न्यायाचा होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात तर तुमचंच वाक्य घेऊन उत्तर दिल्यासारखं लिहिलंय: गर्भपाताला कायद्याने मुभा देण्याचं समर्थन इतरांच्या सदसद्विवेकाचा मान राखण्याच्या नावाने करता येणार नाही. तेव्हा चर्चची शिकवण काय, एवढ्यापुरते दादा बरोबर आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ती मवाळ करून सांगणार नाही.

मात्र ती शिकवण दादा समजतात तितकी सरळसोट नाही. बंदी घातल्याने जास्त मोठं नुकसान होणार असेल तर राज्य कधीकधी एखादी वाईट गोष्ट थांबवत नाही, हे त्याच परिपत्रकात मान्य केलंय. फक्त जिवाला इजा करणारी गोष्ट कुणाचा हक्क ठरवता येत नाही, हे बजावून. पूर्ण बंदी शक्य नसेल तिथे कमी वाईट कायद्याला मत देणारा लोकप्रतिनिधी चूक करत नाही, असंही त्यात आहे. कायद्यात योग्य दंड असावा असं कॅटेकिझम म्हणतो, पण तो कुणाला आणि किती, हे सांगत नाही. ज्या बाईला तिच्याच माणसांनी कोपऱ्यात गाठलं तिला तुरुंगात टाकायचं का, या प्रश्नावर दोन श्रद्धावंत कॅथलिक वेगळं बोलू शकतात. तुमची शंका मुळात इथली असेल, तर ती नीट याच शब्दांत मांडा.

एकट्या तर तुम्ही नाहीच. आयर्लंडमध्ये २०१६ च्या जनगणनेत तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवून घेतलं, आणि दोनच वर्षांनी तिथल्या ६६.४ टक्के मतदारांनी १९८३ पासून राज्यघटनेत असलेलं गर्भाच्या हक्काचं कलम काढून टाकलं. अर्थात मतमोजणीने शिकवण बदलत नसते, हे तुम्हीही जाणता.

राहिलं दादांचं वाक्य. तुम्ही काय मानता यावर ते हवं तेवढं भांडू शकतात. कॅथलिक कोण उरलं आणि कोण नाही, हा निवाडा करायचं काम ताटावरून उठलेल्या भावाला कुणी दिलेलं नाही. चर्चने ठेवलेली ती शिक्षा गर्भपात घडवणाऱ्यासाठी आहे. जेवताना एक शंका बोलून दाखवणाऱ्या बहिणीसाठी नव्हे.

रांगेतून बाजूला होणं मात्र मला खुपलं. तीन महिने तुम्ही दादांच्या शब्दावर स्वतःला शिक्षा देताय. ख्रिस्तप्रसाद घ्यावा की नाही, हे मीही सांगणार नाही आणि दादांनीही सांगू नये. तुमच्या फादरांची वेळ घ्या, पत्रात लिहिलंत तेच त्यांना सांगा, आणि पोप जॉन पॉल यांचं वर दिलेलं अवघड वाक्यही त्यांच्यापुढे ठेवा. ते काय म्हणतात ते ऐका, पटलं नाही तर तिथेच विचारा.

दादांशी वाद पुन्हा काढायचाच असेल तर जेवताना काढू नका. येत्या रविवारी दोन बाक पुढे जा आणि त्यांच्या शेजारी बसा. ते सरकून जागा देतील, नाहीतर देणार नाहीत. दिली, तर मिस्सा संपेपर्यंत या विषयावर अवाक्षर काढू नका.