मृगाच्या डोक्याभोवतीचं लाल कडं फोटोत का येत नाही?

प्रश्न: मी मुलुंडला राहतो, सोसायटीच्या गच्चीवरून मृग नक्षत्राचे फोटो काढतो. साधा डीएसएलआर, ८५ एमएमची लेन्स आणि स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) आहे. मृगाच्या डोक्याभोवती जो मोठा लाल तेजोमेघ आहे तो काही केल्या येत नाही, एक्सपोजर वाढवलं की सगळी फ्रेमच पिवळट होते, आणि शेजारचा काक्षी (बेटेलज्यूज) हा तारा तांबडा न येता पांढरा ठिपका होऊन बसतो. कॅमेरा बदलू का?

उत्तर: लगेच नको. एकाच सेटिंगमध्ये दोन्ही येणारच नाहीत, दोघांचे फोटो वेगवेगळे घ्यावे लागतात.

हा तेजोमेघ, शार्पलेस २६४, सहा अंशांहून मोठा आहे, म्हणजे पौर्णिमेचे बारा चंद्र ओळीने मावतील एवढा, पण उजेड तेवढाच पसरलेला त्यामुळे अगदी फिका. त्याला पेटवतो तो काक्षी नाही बरं का, काक्षीचं तापमान साधारण ३५०० अंश, त्याच्याकडे तेवढा अतिनील प्रकाशच नाही. ते काम डोक्यातल्या मैसा या भयंकर तापलेल्या राक्षसी ताऱ्याचं. त्याच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि परत जोडले जाताना ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश निघतो. नेमका हाच लाल तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सरपुढचा फिल्टर बराचसा अडवतो.

पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा साध्या फिल्टरने भागायचं, आता एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो त्यामुळे मुलुंडहून करायचं तर ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) आणि मॉडिफाय केलेला, म्हणजे सेन्सरपुढचा तो फिल्टर बदललेला कॅमेरा, दोन्ही लागतील, खर्च बराच आहे. माझं मत विचाराल तर आधी आहे तोच कॅमेरा घेऊन डिसेंबर-जानेवारीत अमावास्येच्या आसपास कर्जत-मुरबाडच्या पलीकडे जा, एफ २.८, आयएसओ १६००, एकेक मिनिटाच्या भरपूर फ्रेम घ्या आणि स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक रचून एकच फोटो करा. फिकं का होईना, कडं दिसायला लागेल, मग खर्चाचं ठरवा. मुंबईच्या अक्षांशावर ध्रुव तारा जेमतेम १९ अंश वर असतो, तेव्हा उत्तरेला डोंगर किंवा बिल्डिंग नसेल अशीच जागा बघा, नाहीतर ट्रॅकर ध्रुवाच्या दिशेने अलाइन करताना रात्र जाते. लेन्सवर दव धरतं, लेन्स गरम ठेवणारा हीटर बँड न्याच.

काक्षी मात्र गच्चीवरूनच होईल. लेन्सवर फिल्टर लावला असेल तर काढा, एक-दोन सेकंदांचे फोटो घ्या, फोकस किंचित हलवा म्हणजे उजेड थोड्या पिक्सेलवर पसरतो आणि तांबूस-केशरी रंग टिकतो. नंतर हा थर लाँग एक्सपोजरवर बसवायचा. ते छोटे फोटो डिलीट मात्र करू नका हं, काक्षीची तेजस्विता बदलत असते, फेब्रुवारी २०२० मध्ये तर तो १.६ प्रतीपर्यंत मंदावला होता (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका). तारीख टाकून ठेवा आणि त्याच रात्री त्याच सेटिंगवर रोहिणीचाही एक फोटो घ्या, तुलनेला उपयोगी पडेल.