आईच्या माहेरची गाणी शोधा

प्रश्न: आईचा जन्म १९४४ चा, माहेर वाईचं. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी तिला इथे, बर्मिंगहॅमजवळच्या एका केअर होममध्ये ठेवावं लागलं. इंग्रजी ती पार विसरली आहे. संध्याकाळी पाच वाजले की "मला घरी सोडा" म्हणत दाराशी जाते. आंघोळीच्या वेळी मदतनीस मुलींचे हात झटकते. गाणी लावून बघा, असं कुणीतरी सुचवलं, म्हणून खोलीत स्पीकर ठेवला. दिवसभर भक्तिगीतं चालू असतात. परवा तिने त्याची वायरच उपटली. माझं काय चुकतंय?

उत्तर: वायर उपटली म्हणजे आईने तुम्हाला सरळ सरळ उत्तर दिलंय. "बंद करा आता" हे शब्द तिला सापडत नाहीत, हाताला वायर सापडली. तुम्हा-आम्हाला नको असेल तर आपण गाणं थांबवतो किंवा खोलीबाहेर जातो. तिला दोन्ही जमत नाही. मग दिवसभराचं भजनसुद्धा तिच्यासाठी गोंगाट होतं. आधी तो स्पीकर बंद करा. एका वेळी वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि तेवढा वेळ कुणीतरी तिच्याजवळ बसलेलं हवं.

दुसरी गोष्ट गाण्यांच्या निवडीची. आईला काय आवडतं असं विचारलं की आपण आपल्या लहानपणी घरात काय लागायचं ते सांगतो. पण ती आपली आठवण असते, आईची नव्हे. माणसाच्या मनात सगळ्यांत खोल रुतून बसतं ते साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेलं. तुमच्या आईच्या बाबतीत १९५४ ते १९६९. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत यायचं. घरी रेडिओ नसला तर शेजारी जाऊन ऐकायचे लोक. विविध भारती सुरू झाली १९५७ मध्ये, म्हणजे तिचं शाळेचं वय. आणि वाई म्हटलं की कृष्णाबाईचा उत्सव आलाच! घाटावरची कीर्तनं तिने ऐकली नसतील असं मला वाटत नाही. मावशी किंवा मामा हयात असतील तर त्यांना विचारा. परवचा कोण म्हणून घ्यायचं, हरिपाठ व्हायचा का, जात्यावर आजी काय म्हणायची?

माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं आमच्याकडे होत्या. मला त्या "अहो बाई" म्हणायच्या, मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. एकदा मेथी निवडताना मी सहज भोंडल्याचं एक गाणं गुणगुणत होते. मधली ओळ चुकले. सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तसं नाही ते," आणि पुढच्या चार ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. वर विचारलं, "खिरापत काय आहे?" कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघालं नव्हतं. त्यानंतर मी मुद्दाम ओळी चुकत असे. आम्ही जेवायला बसायच्या आधी रोज भोंडला करायचो, दोघींचाच, पाटाऐवजी स्टूल मधे ठेवून.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की तुम्ही स्वतः म्हणा. आवाज कसाही असू दे. समोर बसा, तिचा हात हातात घ्या, ठेका तिच्या तळव्यावर धरा. आधी तिच्या अस्वस्थतेच्याच लयीत, मग हळूहळू संथ. अर्धी ओळ म्हणून थांबा आणि पुरेसं थांबा, तिला दहा सेकंदही लागतील.

संध्याकाळची घालमेल पाचला सुरू होत असेल तर साडेचारलाच बसा. ती दाराशी पोचल्यावर उपयोग कमी. वाईतल्या तिच्या घरी त्या वेळी दिवा लागत असणार, शुभंकरोति होत असणार. तेच करा. आंघोळीसाठी एकच गाणं ठरवा, रोज तेच, खोलीतून निघतानाच सुरू होणारं. मदतनीस मुलीने नुसती चाल गुणगुणली तरी चालेल. त्या मुलीला ते गाणं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. सोबत एक कागद: गाण्याचं नाव रोमन लिपीत, ते कधी लावायचं, कोणतं कधीच लावायचं नाही. ब्रिटनमध्ये प्लेलिस्ट फॉर लाइफ ही संस्था २०१३ पासून नेमकं हेच काम करते, केअर होमला ते नाव सांगा. तिथल्या लोकांना ही कल्पना नवी नसेल, फक्त मराठी गाणी त्यांना कुठून माहीत असणार? ती तुम्हीच द्यायची. गाणी डाउनलोड करून द्या. अभंगाच्या मधोमध जाहिरात वाजली की केलेलं सगळं पाण्यात जातं.

गाणं ऐकून डोळे भरले तर घाबरू नका, शेजारी बसून राहा. पण श्वास जोरात होऊ लागला, मुठी आवळल्या, तर लगेच थांबवा आणि ते गाणं यादीतून काढा. आणखी एक: घालमेल अचानक वाढली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणं, यांवर गाणं हा इलाज नाही.

ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांच्यासाठी: व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ नका, आवाज मागेपुढे होतो आणि ते गोंधळून जातात. एक ओळ तुमची, एक त्यांची. टाळ-पेटी वाजवणार असाल तर ॲपमधली आवाज गाळणारी सेटिंग बंद करा, नाहीतर ते वाद्यालाच गोंगाट समजून कापून टाकतं.

मावशी असतील तर त्यांना मात्र उद्याच फोन करा. तुमच्याकडे सकाळचे सात म्हणजे वाईला दुपार होत आलेली असते. काय गायचो ते नुसतं सांगू नका, म्हणून दाखवा म्हणावं, आणि रेकॉर्ड करा. बहिणीचा आवाज आई कदाचित तुमच्या आवाजाआधी ओळखेल.