सेमिनारची भीती किती, आणि नेमकी कुठे?

"सेमिनारचं नुसतं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. मॅडम, मी इतरांपेक्षा जास्त घाबरते का?" रत्नागिरीत समुपदेशन करताना एम.ए., एम.एस्सी.ची मुलं हा प्रश्न सतत विचारतात. त्यांना धीर हवा असतो, पण नुसता धीर दोन दिवसही पुरत नाही. म्हणून मी आधी भीती मोजून घेते.

प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. देवगडकडची, हॉस्टेलवर राहणारी. खाडीतल्या कालवांवरचा सेमिनार तिने बरं नसल्याचं सांगून पुढे ढकलला होता. "मी मुळातच बुजरी आहे," हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं.

तिला मॅक्रॉस्की या अमेरिकन संवादतज्ज्ञाची २४ विधानांची प्रश्नावली भरायला दिली. गटचर्चा, बैठक, दोघांतलं बोलणं आणि भाषण, प्रत्येकावर ६ विधानं. प्रत्येक भागात ६ ते ३० गुण. १८ च्या वर गेलं की त्या प्रसंगाची थोडीफार भीती आहे असं धरतात. तिला भाषणात २७ आले, बैठकीत १७, गटचर्चेत १४ आणि दोघांतल्या बोलण्यात अवघे १०.

बेरीज ६८. ५१ ते ८० म्हणजे मध्यम, त्यामुळे नुसती बेरीज बघणाऱ्याने तिला "फार काही नाही" म्हणून परत पाठवलं असतं आणि ते २७ तसेच बुडून राहिले असते. शिवाय बुजऱ्या माणसाला १० कसे येतील? ओहोटीला खडकावर उकिडवं बसून कालवं कशी फोडायची, शिंपल्याची धार बोटाला कशी लागते, हे त्याच भेटीत तिने मला न अडखळता सांगितलं होतं. कागद पुढे ठेवल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे फक्त उभं राहून बोलायचंच भ्या वाटतं." तिच्या बाबतीत मोजण्याचा खरा उपयोग इथे झाला. हे आकडे अमेरिकन विद्यार्थ्यांवरून ठरलेत, तेव्हा आपल्या मुलांवर त्यांचा शिक्का मारू नये. कुठला भाग उंच आहे, एवढं बघावं.

मग दुसरं मोजमाप. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या पद्धतीने अस्वस्थतेला ० ते १०० मधला आकडा द्यायचा. रूममेटसमोर बोलताना तिने तो लिहून ठेवला: उठण्याआधी ९०, पहिल्या वाक्याला ८५, तिसऱ्या मिनिटाला ५०. बहुतेकांचं असंच असतं. भीती सुरुवातीलाच टोकाला जाते आणि बोलत राहिलं की उतरते. पळ काढला तर ती उतरताना कधी अनुभवायलाच मिळत नाही. म्हणून पहिली चार वाक्यं पाठ, पुढचं मुद्द्यांवरून. आधी एका मैत्रिणीसमोर, मग चौघींसमोर, मग विभागाच्या वर्गात. पहिल्या वेळी मालवणीत बोललीस तरी चालेल, असंही सांगितलं.

"माझो आवाज थरथरता तो सगळ्यांका कळता," ही तिची पक्की समजूत. मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग बघितल्यावर तिला ती थरथर शोधावी लागली. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधल्या प्रयोगांतही हेच दिसलं: आपली घालमेल आपल्याला वाटते तितकी श्रोत्यांना दिसत नाही, आणि हे आधी सांगितलेल्यांची भाषणं जास्त चांगली झाली.

भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, तोंडी परीक्षा बुडायला लागल्या, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सेमिनार झाल्यावर तिने भाषणाचा भाग पुन्हा भरला: २१. "अजून १८ च्या वरच आहे," ती खट्टू होऊन म्हणाली. प्रश्नावली रोज रात्री भरायची नाही, पुढचं सादरीकरण झालं की भरायची, असं आमचं ठरलंय. तोवर विभागातल्या प्रत्येक व्याख्यानानंतर उभं राहून एक प्रश्न विचारायचा, एवढाच तिचा गृहपाठ.