गालात खर्रा, ओठावर फोड

प्रश्न: वय 29, लग्नाला दीड वर्ष झालं. आम्हा दोघांनाही मुखमैथुन आवडतं. पण दोनदा असं झालं की लगेचच खाली आग सुरू झाली, रात्रभर झोप नाही, सकाळी सगळं ठीक. मिस्टर दिवसाला चार-पाच खर्रे खातात. ओठावर मधूनमधून बारीक फोडही येतात. एड्स तर होणार नाही ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, एड्सची भीती आधी काढून टाका. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. नवऱ्याचं तोंड तुमच्या अंगाला लागून तुम्हाला तो होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आग लगेच लागली आणि सकाळपर्यंत विझली, हे तुम्हीच लिहिलंय. संसर्ग असा तासाभरात येत नाही आणि रात्रीत जातही नाही. संशय चुन्यावर जातो.

पन्नीत घोटलेल्या खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. खर्रा थुंकला तरी चुना गालाच्या बेचक्यात आणि हिरड्यांशी चिकटून राहतो, आणि योनीची नाजूक त्वचा त्याने भाजते. सावजी रस्सा ओरपून आल्यावरही हेच होतं; तिखट पाण्याने सुटत नाही, त्यामुळे एका चुळीने भागत नाही, दूध तोंडात घोळवावं लागतं. खर्र्यानंतर भरपूर चुळा भरून, गाल बोटाने साफ करून, निदान तासभर जाऊ द्या. मात्र त्याच वेळी ब्रश करू नका. हिरड्या खरचटतात आणि जंतूंना वाट मिळते. आग झालीच तर साध्या पाण्याने बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धुवा. लिंबू, दही, डेटॉल, साबण काही नको; पिचकारीने आत पाणी तर मुळीच मारू नका.

आता फोड, आणि हे जास्त गंभीर आहे. थकवा, ताप, ऊन यांनंतर ओठाच्या कडेला येणारे पाणीदार फोड बहुधा हर्पिस या विषाणूचे असतात आणि तोंडावाटे जननेंद्रियावर जातात. लागण झाल्यावर साधारण 2 ते 12 दिवसांत दुखरे फोड, लघवीला जळजळ, जांघेत गाठ. विषाणू शरीरातून जात नाही, पण गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो, आणि त्या त्रास सुरू झाल्यापासून 72 तासांत सुरू केल्या तर चांगल्या लागू पडतात. म्हणून नियम एकच: ओठाला मुंग्या यायला लागल्यापासून खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, मुखमैथुन बंद, चुंबनही बंद. फोड नसतानाही विषाणू कधीकधी बाहेर पडतो, त्यामुळे धोका शून्य होत नाही, कमी होतो.

मध्ये पडदा हवा असेल तर फ्लेव्हरचा कंडोम कापा: टोक छाटा, कडेची रिंग छाटा, मग उभा चिरा. चौकोनी तुकडा होतो. एकदा अंगाला लागलेली बाजू उलटवू नका, आणि दर वेळी नवा घ्या. खोबरेल लावलं की रबर विरतं. पाण्यावर आधारित जेल घ्या. मध आणि चॉकलेट खेळाला छान वाटतात, पण आत साखर गेली की बुरशीला आमंत्रण. आणि पुढे दिवस राहिले, तर योनीत हवा फुंकायची नाही. हवा रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं.

तपासणीला दोघं मिळून जा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्त होते, शंका 1097 या हेल्पलाइनवर विचारता येतात. गनोरिया हा गुप्तरोग घशात बसला तर बहुधा काहीच लक्षण दिसत नाही आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही, म्हणून मुखमैथुन होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते घशाचा नमुनाही घेतील. मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून दडपू नका.

मिस्टरांशी बोलताना 'खर्रा सोडा' असं सुरू केलंत तर बोलणं तिथंच संपेल. त्यांनाच त्यांची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघायला सांगा. तोंड तेवढं उघडत नसेल, पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती कॅन्सरची चाहूल असू शकते; आधी शासकीय दंत महाविद्यालय गाठा. मग तुमची आग दुय्यम.