दोन विहिरींतला वालुकाश्म एकच असतो का?

प्रश्न : मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी दोन तेलविहिरींचे गॅमा लॉग (खोलीनुसार खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराची नोंद) मिळाले आहेत. विहिरींमधलं अंतर १२ किलोमीटर. दोन्हींत साधारण ३० मीटर जाडीचा वालुकाश्म आहे आणि वक्रही सारखाच दिसतो, म्हणून मी दोन्ही थर रेघेने जोडले. मार्गदर्शकांनी रेघ खोडली आणि “आधी सगळं बेसिन (गाळ साचलेला सगळा खोलगट प्रदेश) बघ” एवढंच सांगितलं. माझं काय चुकलं?

उत्तर : रेघ खोडली ते योग्यच झालं. का खोडली, ते मात्र तुम्हाला कळायला हवं.

नदी समुद्राला मिळते तिथे वाळू साचते. गाळ येत राहिला की त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकतो आणि किनाऱ्याची वाळूही त्याच्याबरोबर सरकते. तुमच्या पहिल्या विहिरीच्या जागी किनारा होता, तेव्हा दुसऱ्या विहिरीच्या जागी बहुधा खोल पाण्यात चिखल बसत होता. किनारा तिथवर पोचला तो पुष्कळ नंतर. दोन्हीकडची वाळू दिसायला सारखी, कारण ती सारख्याच परिस्थितीत साचली. वय मात्र वेगळं. शेजारी शेजारी असणारी पर्यावरणं कालांतराने एकावर एक येतात, हे योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्येच मांडलं होतं. एका काळाची रेघ, म्हणजे एकाच वेळी साचलेला गाळ जोडणारी रेघ, ओढायची तर ती वाळूतून निघून तिरपी खाली उतरते आणि शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकात, शिरते. तुमची आडवी रेघ नेमकी हेच विसरली. दोन वाळूंच्या मध्ये अशी तिरपी शेलची पट्टी असेल, तर एकीकडचं तेल दुसरीकडे जात नाही. दाब वेगळा, तेल-पाण्याची पातळी वेगळी. नकाशावर एक दिसणारा साठा प्रत्यक्षात दोन किंवा चार निघतो.

म्हणून लॉग समोर आला की मी आधी शेल पाहते, वाळूकडे मागाहून वळते. समुद्र जमिनीवर चढतो तेव्हा नद्यांचा गाळ किनाऱ्याजवळच अडतो. आत खोल पाण्यात अगदी सावकाश बारीक चिखल बसतो. त्यात सेंद्रिय पदार्थ आणि त्यांच्याबरोबर युरेनियम बरेचदा जास्त असतं, म्हणून गॅमा वक्र तिथे उंच टोक गाठतो. असं टोक बेसिनमध्ये दूरवर सापडतं आणि ते काळाच्या रेघेच्या फार जवळ असतं. पण नुसत्या टोकावर विसंबू नका. त्या शेलमधले परागकण आणि सूक्ष्मजीवाश्म तपासून घ्या. अशा दोन खुणा पक्क्या झाल्या की मगच त्यांच्यामधली वाळू कुठे जाड होते, कुठे विरते, कुठल्या दिशेने पुढे सरकते, ते पाहायचं.

याचं शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातला मध्य जुरासिक काळातला ब्रेंट नावाचा थरांचा गट. खालून वर ब्रूम, रॅनॉक, एटिव्ह, नेस आणि टार्बर्ट असे त्याचे पाच भाग. ब्रूमची वाळू बेसिनच्या कडेकडून आली, मुख्य त्रिभुज प्रदेशाशी तिचा थेट संबंध नाही. मग दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणाऱ्या त्रिभुज प्रदेशाने रॅनॉक, एटिव्ह आणि नेस रचले. शेवटी समुद्र परत चढला आणि टार्बर्ट साचला. हा क्रम विहिरीगणिक सारखा भासतो, पण त्याच्या आतल्या काळाच्या रेघा उत्तरेकडे तिरप्या उतरतात. नेसमध्ये नदीच्या पात्रांतली वाळू, कोळसा आणि चिखल यांची इतकी सरमिसळ आहे की एक पात्र शेजारच्या विहिरीत सापडेलच याचा भरवसा नसतो. तिथे आधार मिळतो तो नेसच्या मधल्या, दूरवर पसरलेल्या शेलचा. आणखी एक सांगते, कारण नवशिक्यांना ते हमखास फसवतं. रॅनॉकच्या वाळूत अभ्रक भरपूर आहे. अभ्रकातल्या पोटॅशियममुळे गॅमा वक्र वर जातो आणि चांगली वाळूही शेलसारखी दिसते. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) पाहिल्याशिवाय, निदान घनता आणि न्यूट्रॉन लॉग ताडून घेतल्याशिवाय, खडकाचं नाव लिहू नका.

प्रश्न : आता त्रिमितीय सायस्मिक (जमिनीत लहरी सोडून मिळवलेलं थरांचं चित्र) इतकं स्पष्ट आलं आहे. मग सगळ्या बेसिनचा स्तरशास्त्रीय अभ्यास कशासाठी?

उत्तर : सायस्मिकला सूक्ष्म नजर नसते. खडकात लहरीचा वेग सेकंदाला ३००० मीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी १०० मीटर येते. तिच्या एक चतुर्थांशाहून, म्हणजे २५ मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे ओळखता येत नाहीत. चांगले साठे कितीदा तरी याहून पातळ असतात. आणि सायस्मिक बहुधा घेतात ते निवडलेल्या तुकड्यावर. तो तुकडा निवडायचा कुठे, हे बेसिन समजल्याशिवाय ठरत नाही. १९३० मध्ये सापडलेलं पूर्व टेक्सासचं तेलक्षेत्र आठवा. तिथे क्षेत्राखाली तेल अडवणारा घुमटाकार उंचवटा नव्हताच. क्रिटेशस काळातला वुडबाइन वालुकाश्म पूर्वेला सबाइन उंचवट्याकडे झिजून संपतो आणि त्यावर ऑस्टिन चॉकचं झाकण बसतं. तेल अडलं ते त्या कडेला. वाळू कुठे संपते हा प्रश्न बेसिनच्या पातळीवरच विचारता येतो, आणि माझ्या मते शोधकार्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे.

प्रश्न : खोलवर जाड, स्वच्छ वालुकाश्म लागला, तरी त्यातून जवळजवळ काहीच वाहिलं नाही. असं का?

उत्तर : बहुधा क्वार्ट्झचं सिमेंट. खोली वाढते तसे कण दाबले जातात, आणि तापमान साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की कणांभोवती क्वार्ट्झ वाढून छिद्रं बुजवू लागतं. याला एक सुंदर अपवाद आहे. कणांवर क्लोराइट या खनिजाचा पातळ, सलग थर बसलेला असेल तर क्वार्ट्झला वाढायला जागा मिळत नाही आणि पुष्कळ खोलीवरही छिद्रं शाबूत राहतात. हे क्लोराइट बरेचदा नदीमुखाजवळ साचलेल्या, लोह मिळालेल्या वाळूत आढळतं. म्हणून पुढची विहीर ठरवण्यापूर्वी कोअरचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, आणि ती वाळू प्राचीन नदीमुखाच्या कितपत जवळ साचली होती ते नकाशावर मांडा.