लग्न चर्चने रद्द केलं, कोर्टाने नाही

वसईहून एका वाचकाचं पत्र आलंय. २०१३ साली चर्चमध्ये लग्न झालं, एक मुलगी आहे. २०१६ पासून पत्नी वेगळी राहते, सध्या नोकरीसाठी कुवेतला आहे. २०२१ मध्ये धर्मप्रांताच्या ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायमंडळाने, हे लग्न मुळातच वैध नव्हतं असा निकाल दिला. येत्या २८ डिसेंबरला यांचं दुसरं लग्न ठरलंय आणि हॉलची अनामत भरून झालीय. मध्यंतरी पासपोर्टवरचं पत्नीचं नाव काढायला गेले, तर खिडकीवरच्या माणसाने ट्रिब्युनलचा कागद दोन्ही बाजूंनी वाचून परत दिला आणि म्हणाला, ‘हे नाही, कोर्टाची डिक्री आणा.’ आता यांचा प्रश्न असा: ‘ट्रिब्युनलचा निकाल कोर्टात लावून महिन्याभरात डिक्री मिळेल का?’

नाही मिळणार.

नावगाव बदललं तर याच पत्राच्या चार-पाच प्रती माझ्याकडे दर वर्षी येतात. प्रत्येकात तारीख ठरलेली असते, हॉल ठरलेला असतो, आणि वकिलाची आठवण शेवटी झालेली असते. तुमच्या बाबतीत निकाल २०२१ चा आहे. तो लॅमिनेट करून कपाटात ठेवलात, त्याच आठवड्यात दोघांच्या सह्यांचा एक अर्ज कोर्टात दिला असता तर आज मला पत्र लिहायची वेळच आली नसती. असो.

तुमचं सगळं प्रकरण एका कलमावर उभं आहे: १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम ५७. ख्रिस्ती माणसाने पुन्हा लग्न कधी करायचं, ते हे कलम सांगतं. घटस्फोटाची किंवा लग्न रद्द झाल्याची डिक्री हवी, आणि त्या डिक्रीवर अपिलाची मुदत अपिलाशिवाय संपलेली हवी किंवा अपील फेटाळलं जाऊन निकाल अंतिम झालेला हवा. डिक्री म्हणजे या कायद्याखालच्या न्यायालयाची. ट्रिब्युनल त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही आजही २०१३ च्याच लग्नात आहात, आणि २८ डिसेंबरला जे होईल ते पहिली पत्नी हयात असताना, पहिलं लग्न टिकून असताना केलेलं दुसरं लग्न असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पत्नी तक्रार करणार नाही असं तुम्ही लिहिता. शक्य आहे. पण तुरुंगाची भीती बाजूला ठेवली तरी होणाऱ्या बायकोचा विचार करा. ते लग्न शून्य ठरेल. तुमच्या माघारी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा उघडला जाईल: मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, मुलीला दोन तृतीयांश. यातली विधवा म्हणजे कुवेतवाली. डिसेंबरात जिच्या हातात अंगठी घालणार आहात, तिला शून्य.

आता तुमच्या मेहुण्यांकडे वळते. ते सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकलेत आणि ‘कॅनन लॉ हा कॅथलिकांचा पर्सनल लॉ आहे, कोर्टाला तो मानावाच लागतो’ असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच त्यात माणसं फसतात. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात खरोखरच चर्चचा कायदा उघडून वाचला होता. निषिद्ध नात्यातलं लग्न होतं, पण चर्चची रीतसर सूट घेतलेली होती, आणि न्यायालयाने ती सूट मानून लग्न वैध धरलं. मात्र तिथे प्रश्न लग्न लागण्याचा होता, मोडण्याचा नव्हता. दारातून आत जाताना कोर्ट कॅनन लॉ विचारात घेतं. बाहेर पडायचं दार मात्र संसदेच्या कायद्यातच आहे. १९९६ मध्ये केरळमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. बाईंचं पहिलं लग्न चर्चच्या ट्रिब्युनलने रद्द ठरवलेलं, त्याच भरवशावर त्यांनी दुसरं लग्न केलं. पुढे दुसऱ्या नवऱ्यानेच ‘हिचा पहिला नवरा जिवंत आहे’ म्हणून दावा लावला आणि जिंकला. दुसऱ्यांदा वाचा: तक्रार पहिल्या जोडीदाराने केली नव्हती. २०१७ च्या जानेवारीत तुमच्या मेहुण्यांचा मुद्दा जसाच्या तसा जनहित याचिकेतून पुन्हा मांडला गेला. मुसलमानांचा तलाक कायदा मानतो, तर आमच्या ट्रिब्युनलचा निकाल का नाही, असा युक्तिवाद होता. याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झटपट तिहेरी तलाकही गेला, तेव्हा उदाहरण म्हणूनही ते फार दिवस टिकलं नाही.

मेहुण्यांना शिकलेलं आणखी थोडं आठवायला सांगा. कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतला कॅनन (म्हणजे कलम) १०५९ स्वतःच म्हणतो की लग्नाचे निव्वळ नागरी परिणाम हा सरकारचा अधिकार आहे. आणि कॅनन १०७१ म्हणतो की सरकारी कायदा जे लग्न मानणार नाही, ते बिशपांच्या परवानगीशिवाय फादरांनी लावू नये. म्हणजे डिसेंबरचं लग्न कोर्टाच्याच नव्हे, चर्चच्या कायद्यातही परवानगीशिवाय बसत नाही. तुमच्या फादरांनी डिक्री मागितली नसेल तर ती त्यांची चूक, पण खड्ड्यात तुम्ही जाल. आणि ‘बाहेर सगळीकडे चर्चचं चालतं’ हेही डोक्यातून काढा. थेट रोममध्येसुद्धा ट्रिब्युनलचा निकाल सरकारदरबारी चालवायचा तर इटलीच्या अपील न्यायालयाकडून मान्यता घ्यावी लागते, आणि २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नवरा-बायको तीन वर्षं एकत्र नांदली असतील तर ती मान्यता नाकारता येते.

‘आमच्याकडे चर्चचाच निकाल चालतो’ असं गोव्याच्या मावशी म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. तिथे पोर्तुगीजांच्या १९४६ च्या फर्मानात चर्चचा निकाल उच्च न्यायालयामार्फत नागरी नोंदीत उतरवायची सोय होती, म्हणून मावशी म्हणतात ते त्यांच्या काळापुरतं खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती तरतूद पुढे घटनाबाह्य ठरवली. तुमच्या वसईच्या लग्नाला ती कधीच लागू नव्हती.

मग करायचं काय? घटस्फोट. अनलमेंट (लग्न रद्द करून घेणं) नको, घटस्फोट. तुम्हाला हे खटकेल, कारण चर्चने लग्न नव्हतंच म्हटल्यावर कोर्टात ते होतं असं मान्य करून मोडायचं, हे तुम्हाला खोटं वाटतं. पण त्याच घटस्फोट कायद्याच्या कलम १९ मध्ये लग्न रद्द करायची कारणं मोजकी आहेत: नपुंसकत्व, निषिद्ध नातं, लग्नाच्या वेळचं वेड, आधीचा जोडीदार हयात असणं, आणि बळजबरी किंवा फसवणुकीने मिळवलेली संमती. ट्रिब्युनलने तुमचं लग्न कॅनन १०९५ खाली, लग्नाची जबाबदारी समजण्याइतका विवेक नव्हता म्हणून, रद्द ठरवलंय. ते कारण या यादीत नाही. ओढूनताणून बसवायला गेलात तर साक्षी, उलटतपासण्या, तारखा, आणि मुलगी दहावीला जाईल तरी निकाल नाही. शिवाय मुलीबद्दलची तुमची काळजी. चर्चच्या बाजूने ती औरस आहेच, कॅनन ११३७ तसं सांगतो. घटस्फोटानेही तिच्या हक्काला धक्का लागत नाही. कोर्टातून लग्न रद्द करून घेतलंत तर मात्र मुलांना वाचवणारं कलम २१ फक्त दोन परिस्थितींपुरतं आहे, आणि त्यातली एकही तुमची नाही. कशाला त्या वाटेला जायचं?

तर कलम १०अ, परस्पर संमती. दोन वर्षं वेगळं राहण्याची अट तुम्ही कधीच ओलांडलीय. अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. हिंदू विवाह कायद्याखालचे असे सहा महिने माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय; तुमच्या कायद्याखाली न्यायाधीश काय म्हणतील ते मी इथून सांगू शकत नाही. मागून बघा, पण धरून चालू नका. पत्नीची हजेरी कुवेतहून व्हिडिओवर चालेल का, मुखत्यारपत्र चालेल का, हेही त्या त्या न्यायालयावर आहे. ती सुटीत कधी येते ते आधी विचारा आणि तारखा त्याभोवती बसवा. मुलीचा ताबा आणि खर्च अर्जातच लिहून टाका. तोंडी ठरलेलं कोर्टात टिकत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. ट्रिब्युनलची फाइल अर्जाला जोडू नका. नुसता निकालाचा कागद जोडायचा की नाही ते तुमचे वकील ठरवतील, पण फाइल नको. तिच्यात तुम्ही पत्नीच्या मनःस्थितीबद्दल काय काय लिहून दिलं होतं ते आठवा. तेव्हा ते फादरांसमोर बंद दाराआड होतं. उद्या तिच्या भावाने ते कोर्टाच्या कागदात वाचलं तर परस्पर संमतीतली एक संमती त्याच संध्याकाळी संपेल. आणि मग कलम १० खाली क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करत बसा. तिथे वर्षांचा हिशोब मी देत नाही.

डिक्री झाली की लगेच उड्या मारू नका, कलम ५७ पुन्हा वाचा. संमतीने झालेल्या कुटुंब न्यायालयाच्या डिक्रीवर अपील नसतं, जिल्हा न्यायालयातून आली तर हिशोब वेगळा होऊ शकतो. अपिलाची मुदत कोणत्या दिवशी संपते ती तारीख वकिलांकडून कागदावर लिहून घ्या आणि डिक्रीची प्रमाणित प्रत फादरांच्या हातात द्या.

ऑक्टोबरात अर्ज गेला तर सगळं सुरळीत होऊनही एप्रिल उजाडेल. मधला ईस्टरआधीचा उपवासकाळ तसाही लग्नाचा नाही. हॉलवाल्याला आजच फोन करा; नाताळच्या आठवड्यातली तारीख आहे, दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर अनामतीतले थोडे तरी परत देईल. आणि बाप्तिस्म्याचा दाखला डिसेंबरसाठी काढून ठेवला असेल तर तोही तेव्हा पुन्हा काढावा लागेल, कारण सहा महिन्यांहून जुना दाखला चर्च सहसा घेत नाही.