दिवस राहिलेत हे कळायच्या आधी दारू घेतली होती, आता काय?

"मॅडम, मी बाळाचं वाटोळं केलंय का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. आठवा आठवडा चालू होता. दिवस गेल्याचं कळण्याआधी दोन पार्ट्यांत ती प्यायली होती, कळल्यावर बंद. रात्रभर मोबाइलवर वाचून, आईच्या पोटात दारू बाधलेल्या, पातळ ओठ आणि बारीक डोळ्यांच्या मुलांचे फोटो तिच्या डोक्यात बसले होते.

मी तिला कॅलेंडर उघडायला लावलं. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. पहिली पार्टी पाळी संपता संपता झालेली, म्हणजे तेव्हा गर्भच नव्हता. दुसरी मात्र सहाव्या आठवड्यातली, दोन ग्लास वाइन. त्यावर मी पांघरूण घातलं नाही. त्या सुमारास बाळाचं हृदय आणि चेहरा घडत असतो, दारू वारेतून त्याच्या रक्तात उतरते आणि ती पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार नसतं. 'एवढी चालते' असं प्रमाण आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. पण सर्वांत घातक ते एका बैठकीत भरपूर किंवा नेहमी पिणं. घेतली म्हणजे बाळाला बाधलीच, असंही नाही.

"सोनोग्राफीत कळेल ना?"

हृदयाची रचना बऱ्यापैकी दिसते. स्मरणशक्ती दिसत नाही. १९७३ मध्ये पोटात असताना दारूमुळे बाळाला होणाऱ्या या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव पडलं तेव्हा चेहऱ्याच्या खुणांवर भर होता. पुढे लक्षात आलं की त्रास असलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. काल पाठ झालेला पाढा आज साफ विसरलेला, तीन कामं सांगितली तर एकच लक्षात, शिक्षा करून उपयोग शून्य. अशी मुलं शाळेत वांड ठरतात, कारण आईला कुणी विचारत नाही आणि ती आपणहून सांगत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच होता: तारीख आणि प्रमाण डॉक्टरांच्या कानावर घाला.

"सासूबाई सोबत असतात हो."

मग तपासणीला एकटीला आत घ्या, असं नर्सला आधीच सांगून ठेवा. पुढे मूल बोलण्यात, लक्ष देण्यात मागे वाटलं तर हीच नोंद कामी येते आणि मदत लवकर सुरू होते. शिवाय मेंदूची वाढ नऊही महिने चालते, त्यामुळे तिने बंद केली याचा फायदा बाळाला मिळणारच.

रोज पिणाऱ्या बाईला मात्र मी 'आजच सोडा' म्हणत नाही. अंगात मुरलेली दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. तिने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडावी.